पहिले चार रोल: मुंबईत फिल्म कॅमेरा हातात घेताना

कॅमेरा विकत घ्यायच्या आधी घरातलं कपाट उघडा. आजीकडे, मामाकडे, गावच्या घरी विचारा. याशिका एमएफ-२ किंवा कोडॅक केबी-१० अजून कितीतरी मराठी घरांत रेक्झिनच्या केसमध्ये पडून आहेत. एका पिढीची बारशी, मुंजी, महाबळेश्वरच्या सहली त्यांच्यावरच टिपल्या गेल्या. आमचा एमएफ-२ भांडुपच्या घरात, कपाटाच्या वरच्या कप्प्यात, आईच्या शालूखाली सापडला. मी तेव्हा फोटोग्राफीच्या पहिल्या वर्षाला होते. डिजिटलवर दिवसाला चारशे फोटो काढायचे आणि दुसऱ्या दिवशी त्यातला एकही आठवायचा नाही. या कॅमेऱ्यात फोकस करायची सोयच नाही. कुठे उभं राहायचं आणि बटण कधी दाबायचं, एवढंच आपल्या हातात. माझं शिकणं तिथून सुरू झालं, म्हणून घरात असा कॅमेरा असेल तर पहिला रोल त्यातच टाका. सेल आत राहून गळले असतील तर पट्ट्यांवर जमलेली हिरवट पूड व्हिनेगर लावलेल्या इअरबडनं पुसा आणि पूर्ण वाळू द्या.

एसएलआर घेताना

घरी काही मिळालं नाही, किंवा पहिला रोल झाला आणि आता सगळं आपल्या हातात हवंसं वाटलं, तर साधा यांत्रिक एसएलआर, म्हणजे लेन्समधूनच बघून फोटो काढायचा कॅमेरा, बघा. पेंटॅक्स के-१००० हा १९७६ साली आलेला कॅमेरा विद्यार्थ्यांच्या हातात वर्षानुवर्षं दिसतो, त्याला कारण आहे. त्याचं शटर, म्हणजे फिल्मवर क्षणभर उजेड पडू देणारा पडदा, पूर्ण यांत्रिक असतं आणि एलआर-४४ चा बटणसेल फक्त उजेड मोजणाऱ्या लाइट मीटरला लागतो. सेल संपला तरी कॅमेरा चालूच राहतो. लेन्स एकच घ्या, ५० मिलिमीटर. झूमच्या नादी इतक्यात लागू नका.

मुंबईत जुने कॅमेरे बघायला फोर्टात, सीएसएमटीच्या समोरच्या बोरा बाजाराच्या बाजूला जा. चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवरही कॅमेरे दिसतात आणि तिथे तासभर फिरायला मजा येते, पण पहिला कॅमेरा तिथून घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. बिघडलेला निघाला तर परत कुणाकडे जाणार? जो दुकानदार दुरुस्तीही करतो त्याच्याकडून घ्या, चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

दुकानात उभ्या उभ्या तपासायच्या गोष्टी: मागचं झाकण उघडा आणि शटर प्रत्येक स्पीडला दाबून बघा. एक सेकंदाला आवाज लांबतो, १/१००० ला टचकन होतो. मधले सगळे आवाज सारखेच वाटले तर कॅमेरा खाली ठेवा. लेन्स काढून, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक) पूर्ण उघडून उजेडासमोर धरा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, आणि आपल्या हवेत ती वाढतच जाते. झाकणाच्या कडेचा काळा फोम बोटाला चिकटत असेल तर उजेड आत शिरणार, पण तो बदलून मिळतो. त्यासाठी चांगला कॅमेरा सोडू नका. मीटरची सुई फोनवरच्या लाइट मीटर अ‍ॅपशी ताडून बघा.

बुरशीवरून आठवलं. कॅमेरा कधीही चामड्याच्या किंवा रेक्झिनच्या केसमध्ये ठेवू नका, पावसाळ्यात तर मुळीच नाही. घट्ट झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, पुड्यांचा रंग बदलला की त्या गरम करून वाळवा. आणि कॅमेरा वापरत राहा. फ्रिजमध्ये ठेवलेला रोल बाहेर काढल्यावर तासभर त्याच्या डबीतच राहू द्या. मुंबईच्या दमट हवेत तो लगेच उघडला तर फिल्मवर पाणी धरतं.

चारही रोल एकाच फिल्मचे

दुकानात गेलं की सगळंच घ्यावंसं वाटतं. कोडॅक गोल्ड, अल्ट्रामॅक्स, कुणी स्वस्तात देऊ केलेला मुदत संपलेला रोल, सिनेमाच्या फिल्मचा डबीत भरून विकलेला रोल. मी सांगेन, चारही रोल एकाच कृष्णधवल फिल्मचे घ्या, ४०० आयएसओची (आयएसओ म्हणजे फिल्म उजेडाला किती संवेदनशील आहे त्याचा आकडा). इलफर्ड एचपी-५ प्लस मला जवळची. एक तर आपल्याकडच्या गल्ल्या, चाळींचे जिने, लोकलचे डबे अंधारे असतात आणि ४०० तिथे पुरते. दुसरं, ही फिल्म पुढे घरच्या घरी धुता येते. आणि फिल्म तीच राहिली की दोन रोलांमधला फरक तुमचा असतो, फिल्मचा नाही. सिनेमाच्या फिल्मचा मोह झालाच तर रोल घ्यायच्या आधी लॅबला विचारा. या फिल्मची धुण्याची पद्धत वेगळी असते आणि तिच्या पाठीवर बहुतेक वेळा काळा थर असतो. तो नेहमीच्या मशीनमध्ये सुटला तर सगळ्यांचेच रोल खराब करतो.

खर्चाचा हिशोब एका रोलचा करू नका, एका फोटोचा करा. रोल, धुलाई आणि स्कॅन यांची बेरीज करा आणि ३६ नं भागा. तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा. मी लिहिला तेव्हा एका फोटोला साधारण वडापावाचा भाव पडत होता. त्यानंतर मी उगाच बटण दाबलं नाही.

रोल भरताना: नॉबकडे बघा

हा भाग दोनदा वाचा. माझा एसएलआरमधला पहिला रोल मी गिरगावात काढला. खोताची वाडी, मग चौपाटी, मग बाणगंगा. सकाळभर चालले. काउंटर ३६ वर आला, मग ३७, ३८. खूश झाले, दोन फोटो जास्त मिळाले म्हणून. ४१ ला पोटात खड्डा पडला. फिल्म पुढे सरकलीच नव्हती. तिचं टोक स्पूलच्या खाचेतून पहिल्याच फिरकीला निसटलं होतं आणि सबंध सकाळ शटर एकाच जागच्या फिल्मसमोर उघडत राहिलं. बाणगंगेच्या पायऱ्यांवर एक आजोबा नातवाचे केस पुसत होते. तो फोटो मला आजही डोळ्यांसमोर दिसतो, पण तो कुठेच नाही.

मी कॅमेरा फोर्टातल्या दुरुस्तीवाल्या काकांकडे घेऊन गेले. त्यांनी काही न बोलता एक वाया गेलेला रोल आत भरला, फिल्म पुढे सरकवायचा लिव्हर ओढला आणि डाव्या बाजूच्या छोट्या नॉबवर बोट ठेवलं. "मुली, हा फिरतोय का ते बघत जा. हा फिरला तर फिल्म चालली. हा थांबला तर तू नुसती हवा काढतेयस."

तर क्रम असा. सावलीत उभे राहा. झाकण उघडून रोलची डबी डावीकडे बसवा. फिल्मचं टोक उजव्या स्पूलच्या खाचेत नीट खोचा. झाकण उघडं असतानाच लिव्हर एकदा ओढा आणि फिल्मच्या दोन्ही कडांची भोकं दातांत बसलीत ना, ते बघा. मग झाकण लावा. डावीकडचा तोच नॉब, रिवाइंडचा, बाणाच्या दिशेनं हलकेच फिरवून आतली ढील काढा. आता लिव्हर ओढताना नॉब उलटा फिरला पाहिजे. दोन फ्रेम कोऱ्या सोडून काउंटर १ वर आणा. आयएसओची चकती ४०० वर लावा. हे विसरायला फार सोपं असतं.

रोल संपला की लिव्हर ओढताना अडतो. तिथे जोर लावू नका, फिल्म फाटते. कॅमेऱ्याच्या तळाचं छोटं बटण दाबा आणि नॉब फिरवत राहा. आधी जड लागेल, मग एकदम हलकं होईल. हलकं झाल्यावरही दहा वेढे द्या आणि मगच झाकण उघडा.

उजेड वाचायची सवय

मीटर आहेच, पण त्याआधी डोळ्यांना सवय लावा. जुना नियम असा: लख्ख उन्हात एफ/१६ ठेवा (एफचा आकडा जितका मोठा, तितकं लेन्सचं भोक लहान) आणि शटर स्पीड फिल्मच्या आयएसओच्या जवळचा. ४०० ची फिल्म असेल तर १/५००. ऊन जरा मंद झालं की एफ/११, ढग आले की एफ/८, जुलैतल्या गच्च आभाळाखाली एफ/५.६. इमारतीच्या सावलीतही एफ/५.६ किंवा एफ/४ पासून सुरुवात करा. फुलबाजारात पहाटे, ट्यूबलाइटखाली, मी एफ/२ आणि १/६० वर काम केलं. तिथे हात हलू नये म्हणून खांबाला टेकून उभी राहायचे.

निगेटिव्हला जास्तीचा उजेड एक-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) सहज चालतो, कमी उजेड सोसत नाही. सावलीत जे फिल्मवर उमटलंच नाही ते नंतर कुठूनही आणता येत नाही. म्हणून शंका आली की एक स्टॉप जास्त द्या. मरीन ड्राइव्हवर संध्याकाळी मागे समुद्र आणि सूर्य असला की मीटर फसतं आणि चेहरे काळे येतात. अशा वेळी आपला तळहात समोरच्याच्या चेहऱ्यावर पडतो त्याच उजेडात धरून त्याचं माप घ्या आणि अ‍ॅपर्चर त्याहून एक स्टॉप उघडा. डिसेंबर-जानेवारीतल्या सकाळी मला सगळ्यात आवडतात. धुरकं असतं, सावल्या लांब आणि मऊ पडतात.

एकच जागा, चार वेळा

आता खरं काम. चारही रोल एकाच जागी काढा. तुमच्या घरापासून अर्ध्या तासावरची जागा निवडा, जिथे पुन्हा पुन्हा जाता येईल: स्टेशनबाहेरचा भाजीबाजार, तालमीचा आखाडा, चाळीचा चौक, वरळीचा कोळीवाडा. गेटवे, बाणगंगा, धोबीघाट यांचे फोटो आधीच हजारो निघालेत आणि तिथे गेलं की तेच पुन्हा निघतात, ते सध्या बाजूला ठेवा. होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) जे. जे. कला महाविद्यालयात शिकत होत्या, तेव्हाच्या त्यांच्या फोटोंमध्ये सोबतच्या विद्यार्थिनी आहेत, मुंबईतलं रोजचं जगणं आहे. देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून त्यांची ओळख नंतर झाली. सुरुवात आजूबाजूच्या माणसांपासून होती.

मी दादरचा फुलबाजार घेतला. भांडुपहून पहाटेची लोकल सोयीची आणि सोबत मैत्रीण होती. पहाटे एकटीनं जाऊ नका, असं मी मुलींना सांगते. पहिल्या दिवशी मी ३६ फोटोंमध्ये ३६ गोष्टी काढल्या: झेंडूच्या राशी, हमाल, तराजू, चहावाला, केळीची पानं, मांजर. एकात दुसऱ्याचा पत्ता नाही. दुसऱ्या रोलला मी तासभर कॅमेरा पिशवीतच ठेवला. एक मावशी गजरे ओवत होती. डाव्या हातात दोरा, उजव्या हातानं दोन कळ्या उचलायच्या, दोऱ्याचा फास टाकायचा, अंगठ्यानं दाबायचं. नजर गिऱ्हाइकाकडे, बोलणं शेजारणीशी आणि बोटं आपली चाललेली. कळ्यांच्या पाण्यानं अंगठ्याच्या टोकाची कातडी पांढरी पडून सुरकुतली होती. ती कातडी मला तिसऱ्या दिवशी दिसली. आदल्या दिवशी मी तिच्या हातांचे फोटो काढत होते आणि अंगठा बघितलाच नव्हता. चौथा रोल सगळा तिच्या दोन हात लांबीच्या जागेतला आहे.

फोटो काढायच्या आधी बोला. मी सरळ म्हणायचे, "मावशी, मी शिकतेय. तुमच्या हातांचा फोटो घेऊ का?" नाही म्हणाल्या तर नाही. मुलांचे फोटो आईबापांना विचारल्याशिवाय नकोत. स्टेशन, गोदी, ससून डॉक अशा ठिकाणी आधी परवानगीचं बघा. नौदलाच्या हद्दीकडे कॅमेरा वळवू नका. मेट्रोनं जात असाल तर बॅग एक्स-रे मशीनमधून जाते. एकदोनदा गेल्यानं फारसं बिघडत नाही, पण रोज रोज नको. रोल हातात द्या आणि वेगळा तपासायला सांगा.

सोबत छोटी वही ठेवा. प्रत्येक फ्रेमला एक ओळ: आकडा, अ‍ॅपर्चर, स्पीड, आणि *हा फोटो का काढला* ते चार शब्दांत. शेवटचा भाग सगळ्यात महत्त्वाचा. "छान दिसलं" असं लिहावं लागलं की समजायचं, आपण अजून बघितलेलं नाही. माझ्या पहिल्या रोलच्या पानावर "छान" अकरा वेळा आहे. चौथ्याच्या पानावर "अंगठा", "दोरा ताणलेला", "बोलता बोलता थांबली" असं आहे.

धुवायला टाकल्यावर

आता थांबायचं. १८९९ साली सावेदादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, हँगिंग गार्डनला कुस्तीचं चित्रण केलं, तेव्हा ती फिल्म धुवायला लंडनला गेली होती. आपल्याला फार तर आठवडा थांबावं लागतं. त्या आठवड्यात वही वाचा आणि कुठले पाच फोटो चांगले आले असतील ते लिहून ठेवा. रोल आल्यावर ताडून बघा. माझे सुरुवातीला पाचातला एक जुळायचा. हा अंदाज जसजसा जुळू लागतो तसतसा हात तयार होतो.

लॅबला रोल देताना तोंडी नको, पाकिटावर लिहून द्या: निगेटिव्ह परत हवीत, सहा-सहाच्या पट्ट्यांत कापून. माझा एक रोल एका लॅबनं स्कॅन करून पाठवला आणि निगेटिव्ह टाकून दिली. "कुणी मागत नाही हल्ली," असं उत्तर मिळालं. स्कॅन ही नक्कल आहे. तुमचं काम त्या पट्टीत आहे.

पट्टी हातात आली की आधी खिडकीशी धरून वाचा. फिल्मच्या कडेला कंपनीनं छापलेले आकडे असतात. आकडे ठसठशीत आणि फ्रेम फिकट, तर तुम्ही उजेड कमी दिला. आकडे आणि फ्रेम दोन्ही फिकट, तर धुण्यात कमी पडलं. आकडे आहेत आणि बाकी पट्टी पूर्ण पारदर्शक, तर फिल्म सरकलीच नाही, माझ्या गिरगावासारखी. आकडेसुद्धा नाहीत, तर धुलाईच चुकली, बहुधा डेव्हलपरच्या आधीच हायपो (फिल्मवरचं चित्र पक्कं करणारं रसायन) पडला. पट्टी काळीकुट्ट, तर कुठेतरी झाकण उघडलं गेलं.

दोन रोल लॅबकडून झाले की तिसरा घरी धुवा. चेंजिंग बॅग (आत उजेड न शिरणारी, हात घालून काम करायची पिशवी), टाकी, थर्मामीटर, डेव्हलपर आणि फिक्सर, म्हणजे आपला हायपो, एवढं पुरतं. आधी एक वाया गेलेला रोल घेऊन दिवसाउजेडी, मग डोळे मिटून, तो रीळावर चढवायचा सराव दहा वेळा करा. ओल्या रीळावर फिल्म अडकते आणि पावसाळ्यात बॅगेत हाताला घाम येतो, तेव्हा घाई नको. एचपी-५ प्लस आयडी-११ या डेव्हलपरमध्ये पाणी न मिसळता २० अंशांवर साडेसात मिनिटं धुतात. आपल्या नळाचं पाणी २० अंशांचं कधी नसतं. बादलीत बर्फ घालून बाटल्या त्यात उभ्या करा. २४ अंशांवर केलं तर वेळ कमी होतो, तो कंपनीच्या तक्त्यात बघा, पण पाच मिनिटांच्या खाली जाऊ नका, डाग पडतात. दर मिनिटाच्या सुरुवातीला टाकी चार वेळा उलटी-सुलटी करा आणि खाली टेकवताना एकदा आपटा, म्हणजे बुडबुडे सुटतात. हायपो किती वेळ, हे कळायला फिल्मचं कापलेलं टोक त्यात टाकून बघा. ते पारदर्शक व्हायला जेवढा वेळ लागला, त्याच्या दुप्पट द्या. मग साध्या पाण्यानं भरपूर धुणं. न्हाणीघरात आधी गरम पाणी सोडून वाफ धरू दिली की धूळ खाली बसते. मग तिथेच दोरीला चिमट्यानं टांगा, खाली दुसरा चिमटा वजनाला. वापरलेला हायपो मोरीत ओतू नका, त्यात फिल्मची चांदी उतरलेली असते. कॉलेजच्या डार्करूममध्ये तो साठवायचा कॅन असतो, तिथे द्या.

टाकीचं झाकण काढून ओली पट्टी पहिल्यांदा उजेडात धरली तेव्हा माझे हात थरथरत होते. मावशीचा अंगठा निगेटिव्हमध्ये काळा दिसत होता आणि मोगऱ्याच्या कळ्याही काळ्या, कोळशासारख्या.

चारही रोलांमधून पाचच फोटो निवडा, जास्त नाही. टेबलावर पसरा, आठवडाभर राहू द्या, येता-जाता बघा. जो चौथ्या दिवशी कंटाळवाणा वाटेल तो काढून टाका. त्यांचे कागदावर प्रिंट करा, स्क्रीनवर थांबू नका. आणि ज्यांचे फोटो काढलेत त्यांना एकेक प्रिंट नेऊन द्या.

मी अंगठ्याचा प्रिंट नेला तेव्हा मावशींनी तो लांब धरून, मग जवळ धरून बघितला. शेजारणीला दाखवला. मग ओला हात पदराला पुसून तो गल्ल्यात, दहाच्या नोटांखाली, सपाट ठेवला आणि म्हणाल्या, "उद्या येणार ना? उद्या शेवंती येतेय."